मोजील त्याची जमीन

‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व आमच्या प्रांताने १९४८ च्या कुळकायद्याने मान्य केले, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ कायद्याच्या दृष्टीने जमिनीचे खरेदीदार ठरले. या सुधारणेचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. तथापि मालक कोण, या प्रश्नाचा निकाल लागला म्हणजे जमिनीचा प्रश्न सुटला, असे समजणे ही मोठी चूक होय. मालक कोण हे कागद सांगतो; पण त्याची मालकी या बाभळीपर्यंत की त्या ओघळीपर्यंत, हे कागद सांगत नाही; ते मोजणी सांगते. साखळीचे टोक जेथे टेकले तेथे एकाचा हक्क संपला व शेजाऱ्याचा सुरू झाला. कसणाराच्या हाती नांगर आला, मालकाच्या हाती सातबारा आला. परंतु साखळी मात्र दोघांच्याही हाती आली नाही. ती परक्याच्या हाती राहिली, आणि तिचे माप बरोबर की चूक हे विचारण्याइतकेही ज्ञान शेतकऱ्यास कोणी दिले नाही. हे ज्ञान देणे किती सोपे आहे व न दिल्याने किती हानी होते, हे दाखविणे हाच आजच्या लेखाचा हेतू आहे.

वकिलीच्या धंद्यात बांधाचे दावे घेऊन येणाऱ्या पक्षकारांस आम्ही नेहमी एक प्रश्न विचारीत आलो आहो: ‘तुमच्या शेताची उत्तरेकडील बाजू किती लांब आहे?’ याचे उत्तर बहुधा असे मिळते की, ‘साहेब, सातबाऱ्यावर दोन एकर आहे.’ प्रश्न लांबीचा, उत्तर क्षेत्राचे. आता दोन एकर जमीन लांबट पट्टी असू शकते, चौकोनी असू शकते, अगर नाल्याच्या वळणाने तिरकी कापलेलीही असू शकते. सातबाऱ्यावरील आकडा तिचे आकारमान सांगतो, तिची आकृती सांगत नाही. आकृती सांगणारे कागद निराळे. जुन्या मोजणीचे टिपण व त्यानंतरची फाळणी हे ते कागद होत. ज्या घरात सातबाऱ्याचे उतारे देवघरात जपून ठेवलेले असतात, त्याच घरात टिपणाची नक्कल कोणी डोळ्यांनी पाहिलेली नसते. दाव्याच्या पायी पिढ्यान्पिढ्या पैसा घालविणाऱ्या मनुष्यास आपण कशासाठी भांडतो याची लांबी-रुंदी ठाऊक नसावी, यापेक्षा दुःखदायक गोष्ट कोणती?

असे का झाले, याचे कारण इतिहासात आहे. जमीन मोजण्याची विद्या या देशास नवी नाही. दोरीने वेदी आखण्याचे नियम शुल्बसूत्रांत आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दहा दंडांचा एक रज्जू सांगितला आहे. शिवाजी महाराजांच्या राज्यात पाच हात व पाच मुठींची काठी, अशा वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर असे माप होते. परंतु काठी कोणतीही असो, तिचा धनी सरकार होते. शेतात काठी आली म्हणजे सारा ठरणार, हे रयतेस अनुभवाने समजले. इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्यात प्रिंगलसाहेबांनी ठरविलेली आकारणी टिकली नाही. मग १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी पद्धत सुरू केली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. पद्धत सुधारली खरी. पण साखळी म्हणजे सरकारी काम, त्यात आपण डोके घालावयाचे नाही, ही रयतेची समजूत मात्र होती तशीच राहिली.

आज स्थिती उलट झाली आहे. शेतसारा आता किरकोळ रकमेचा उरला आहे. मोजणी एक-दोन गुंठे इकडची तिकडे झाल्याने सरकारचे काही बिघडत नाही. बिघडते ते शेतकऱ्याचे. ज्या गुंठ्यावर पूर्वी फक्त बाजरीची चार कणसे येत, तोच गुंठा आज रस्त्याच्या कडेला असला तर त्याच्या किमतीत मुलीचे शिक्षण होते, कर्ज फिटते, अगर भावाभावांत जन्माचे वैर पडते. पूर्वी माप जास्त भरले तर सारा वाढेल म्हणून रयत मापाला भीत असे. आज माप कमी भरले तर जमीन जाईल म्हणून तिने भ्यावयास हवे. परंतु सवय जुनी आणि धोका नवा, अशी आमची अवस्था आहे. साखळी आली की आजही शेतकरी बांधावर हात जोडून उभा राहतो.

ही विद्या कठीण आहे काय? मुळीच नाही. जुन्या मुंबई इलाख्याची साखळी ३३ फुटांची, आणि तिचे भाग सोळा. बंद्या रुपयाचे जसे सोळा आणे, तसेच साखळीचे सोळा आणे. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. इंग्लंडात एडमंड गंटर याने १६२० च्या सुमारास प्रचारात आणलेली साखळी ६६ फुटांची होती. आमची तिच्या बरोबर निम्मी. रुपयाचे आणे १९५७ साली गेले, पण जमिनीचे आणे जुन्या टिपणांवर अद्यापि जिवंत आहेत. सातबाऱ्यावर आता हेक्टर व आर लिहितात. एक गुंठा म्हणजे एक आर व वर थोडासा अंश, इतके ध्यानात ठेवले की काम भागते. हा हिशेब चौथीतल्या मुलास येणार नाही, असे म्हणणारा त्या मुलाचा अपमान करतो.

परंतु नुसते फूट मोजता आले म्हणजे झाले नाही. काय मोजावे हेही कळले पाहिजे. खेड्यापाड्यांतून अशी रीत सर्रास आहे की, शेताच्या चार बाजू मोजाव्या, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढावी, आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करावा. शेत काटकोनी असेल तरच ही रीत बरोबर. एरवी ती नेहमी जमीन जास्त दाखविते. एक उदाहरण घेऊ. एका शेताच्या चारही बाजू १३० फूट आहेत. वरील रीतीने क्षेत्र १६,९०० चौरस फूट, म्हणजे साडेपंधरा गुंठे झाले. परंतु शेत तिरके आहे. त्याचा लांब कर्ण मोजला तो २४० फूट भरला, आणि त्या कर्णापासून उरलेले दोन कोपरे दोन्ही अंगांस ५० फुटांवर निघाले. आता कर्णास दोन्ही लंबांच्या बेरजेने गुणून निम्मे केले, तर खरे क्षेत्र १२,००० चौरस फूट, म्हणजे अवघे अकरा गुंठे! बाजू त्याच, आणि फरक साडेचार गुंठ्यांचा. चार बाजू मोजून घेणाऱ्याने साडेचार गुंठ्यांचे पैसे हवेला दिले. सबब कर्ण मोजल्यावाचून चौकोन मोजला असे म्हणूच नये. चार काठ्यांची चौकट दाबली की कलते. तीन काठ्यांचा त्रिकोण कलत नाही. शेताचे त्रिकोण पाडणे, हेच सर्व साखळीमोजणीचे मर्म आहे. शंकूने काटकोन साधून टिपणावर लंब लिहितात, ते याच कारणाने.

दुसरी गोष्ट साखळीच्या सचोटीची. साखळी वापरून वापरून तिच्या कड्या उघडतात व ती लांबते. तिचे दुवे वाकले अगर त्यांत चिखल भरला तर ती आखूड होते. ३३ फुटांची साखळी तीन इंचांनी लांबली आहे असे समजा. तीन इंच म्हणजे काय मोठेसे, असे कोणीही म्हणेल. पण ही चूक प्रत्येक साखळीस होते, आणि लांबीत व रुंदीत अशी दुहेरी होते. अशा साखळीने खरी दहा एकर जमीन मोजली तर चारशे गुंठ्यांऐवजी ३९४ गुंठेच भरतात. विकणाराचे सहा गुंठे तीन इंचांत बुडाले! उलट, साखळी ओळीतून एक फूट बाजूस धरली गेली तर ३३ फुटांत चूक पाव इंचाचीही होत नाही. म्हणून कोणती चूक क्षम्य व कोणती घातक, याचा विवेक हवा. दिसणाऱ्या चुकीवर लोक ओरडतात, आणि न दिसणारी चूक शेतच्या शेत खाऊन जाते.

तिसरी गोष्ट उताराची. जमिनीचे क्षेत्र सपाटीवरचे धरतात, चढावरचे नव्हे. मावळात अगर कोकणात डोंगरउतारावर साखळी जमिनीसरशी टाकून १०० फूट मोजले, आणि तेवढ्यात २८ फूट चढ झाला, तर सपाटीवर ते अंतर ९६ फूटच होते. अशा वेळी साखळी अगर फीत आडवी सपाट धरून, टोकाशी ओळंबा सोडून, पायरीपायरीने मोजीत जावे लागते. चौथी गोष्ट मोजदादीची. पुढचा मनुष्य दर साखळीच्या शेवटी सळई रोवतो व मागचा ती उचलीत येतो. दहा सळया हातात आल्या म्हणजे दहा साखळ्या झाल्या. ही साधी युक्ती अशासाठी की, बोलता बोलता एक सबंध साखळी मोजावयाची राहिली, तर बाकीची सर्व काळजी फुकट जाते. आणि शेवटची गोष्ट म्हणजे पडताळ्याची: गेल्या वाटेने उलट मोजीत यावे, अथवा दुसरा कर्ण मोजून नकाशाशी ताडून पाहावा. दोन मापे जुळल्याखेरीज कोणतेही माप खरे मानू नये.

या विद्येत काळजी किती घेता येते याचा एक मोठा दाखला आमच्याच देशात आहे. १८०२ साली विल्यम लँबटन यांनी मद्रासेजवळ साडेसात मैलांची पायारेषा पोलादी साखळीने मोजली. उन्हाने पोलाद वाढते म्हणून त्यांनी साखळी लाकडी पेट्यांत ठेवून तिच्याजवळ उष्णमापके मांडली. त्या एका रेषेवर पुढे हिंदुस्थानभर त्रिकोणांचे जाळे विणले गेले. हे काम करीत असताच १८२३ साली लँबटन वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारले. ती मोजणी राज्यकर्त्यांनी आपल्या राज्याच्या सोयीसाठी केली, हे आम्ही विसरत नाही. पण परक्याने राज्य चालविण्यासाठी जी विद्या इतक्या निष्ठेने वापरली, ती स्वराज्यातील शेतकऱ्याने आपले शेत राखण्यापुरतीही शिकू नये, ही लाजेची गोष्ट नव्हे काय?

यावर काही सुशिक्षित गृहस्थ म्हणतील की, आता साखळीचे दिवस गेले. भूमि अभिलेख खात्याकडे प्रकाशकिरणाच्या परतण्यावरून अंतर सांगणारी यंत्रे आहेत, उपग्रहांवरून स्थान घेणारे रोव्हर आहेत. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली गावठाणांची मोजणी ड्रोनने होत आहे. ही प्रगती स्वागतार्हच आहे. पण यंत्र अंतर सांगते. हद्द सांगत नाही. झाडाखाली बुजलेला दगड ड्रोनला दिसत नाही, आणि दोन पिढ्यांमागे हात दोन हात सरकलेला बांध रोव्हरला ओळखू येत नाही. हद्द ठरवावयाची ती जुन्या टिपणावरून, आणि जुने टिपण साखळी-आण्यांत आहे. यंत्राने कोणत्या खुणेपासून मोजावयास आरंभ केला, ती खूण खरी की हललेली, हा प्रश्न ज्यास विचारता येतो त्यासच यंत्राचा उपयोग. ज्यास तो विचारता येत नाही, तो पूर्वी साखळीपुढे हात जोडीत होता, आता यंत्रापुढे जोडील; त्याच्या स्थितीत फरक तो काय पडला?

दुसरा आक्षेप असा की, प्रत्येकजण मोजू लागला तर भांडणे वाढतील. आमचे मत नेमके उलट आहे. भांडण अज्ञानाने वाढते. दोघांनी मिळून फीत धरली तर निम्मी भांडणे चावडीवरच मिटतील. मात्र येथे कायद्याची मर्यादा स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. स्वतः केलेली मोजणी ही स्वतःची खातरजमा होय, निकाल नव्हे. तिच्या जोरावर कोणी शेजाऱ्याचा बांध फोडू नये व हद्दीचा दगड उपटू नये. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे हद्दीच्या निशाण्यांचे नुकसान करणे दंडास पात्र आहे, आणि त्या जतन करण्याची जबाबदारी जमीनधारकावरच आहे. शंका आली तर हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करावा. ती मान्य नसेल तर वरिष्ठाकडून निमताना मोजणी मागावी. दावा झालाच तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश २६, नियम ९ अन्वये न्यायालय जागेच्या पाहणीसाठी कमिशनर नेमू शकते. परंतु या प्रत्येक पायरीवर जो पक्षकार आपली मापे हाती घेऊन उभा राहतो, त्याचे म्हणणे ऐकले जाते. आणि जो नुसता ‘माझ्यावर अन्याय झाला’ म्हणतो, त्यास तो अन्याय किती फुटांचा हे सांगता येत नाही.

या प्रश्नास आणखी एक बाजू आहे, व सुधारणेच्या दृष्टीने ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. हिंदू कुटुंबातील मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबर हक्क महाराष्ट्राने १९९४ साली व सबंध देशाने २००५ साली दिला. कायदा झाला, सातबाऱ्यावर बहिणींची नावेही चढू लागली. पण वाटणीच्या दिवशी शेतात भाऊ असतात, चुलते असतात, मोजणीदार असतो. बहीण ओसरीवर बसून कोणत्या कागदावर सही करावयाची याची वाट पाहत असते. तिच्या वाट्यास सारखे गुंठे आले असे तिला सांगतात. ते सपाटीवरचे की उतारावरचे, कर्ण धरून की सरासरीने, हे ती विचारीत नाही. कागदावर मिळालेला समान वाटा जमिनीवर असमान होतो तो असा. ज्या दिवशी मुलगी फितीचे एक टोक स्वतः धरील, त्या दिवशी १९९४ चा कायदा खऱ्या अर्थाने अमलात आला असे आम्ही म्हणू.

सबब आमच्या सूचना थोड्या व अल्पखर्चाच्या आहेत. प्रत्येक गावच्या शाळेच्या आवारात अगर चावडीपुढे दोन दगड पक्के बसवावे, त्यांतील अंतर बरोबर ३३ फूट, म्हणजे सुमारे १० मीटर ६ सेंटिमीटर असावे. ज्यास आपली फीत अगर दोरी ताडून पाहावयाची असेल त्याने तेथे पाहावी. ग्रामपंचायतीने एक चांगली पोलादी फीत, एक ओळंबा व दहा सळया ठेवून त्या मागेल त्यास वापरू द्याव्या. माध्यमिक शाळांतील भूमितीचा एक धडा फळ्यावर न होता शेतात व्हावा, आणि त्यात मुलामुलींनी आपल्याच गावच्या एखाद्या शेताचे त्रिकोण पाडून क्षेत्र काढावे. तीन, चार व पाच या मापांच्या दोरीने काटकोन साधतो, हे जे मूल पुस्तकात शिकते, ते त्याने एकदा बांधावर करून पाहिले म्हणजे जन्मभर विसरणार नाही. आणि प्रत्येक खातेदाराने आपल्या जमिनीच्या टिपणाची व फाळणीची नक्कल रीतसर मागवून सातबाऱ्याशेजारी ठेवावी. यांपैकी कोणत्याही गोष्टीस नव्या कायद्याची गरज नाही. गरज आहे ती इच्छेची.

जोतीराव फुले यांनी १८८३ साली पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, निरक्षरतेमुळे शेतकरी कसा नागविला जातो हे दाखविले. अक्षरओळख त्यानंतर पुष्कळ पसरली. शेतकऱ्याची मुले आज वकील, वैद्य व अधिकारी झाली आहेत. पण वाचता येणे हे एक आणि मोजता येणे हे दुसरे. जो वाचू शकतो त्यास खोटा कागद फसवू शकत नाही. जो मोजू शकतो त्यास खरा कागदही फसवू शकत नाही. नांगर धरावयास जितके बळ लागते त्याच्या शतांशही फितीचे टोक धरावयास लागत नाही. ते टोक आमच्या शेतकऱ्यांनी, व विशेषतः त्यांच्या मुलींनी, येत्या सुगीनंतर शेते मोकळी होतील तेव्हा एकदा हाती धरून पाहावे, एवढीच आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.